झाकन मागायले चेन्नईले

चेन्नईले जायच्या आधी मले कोनी विचारलं असतं का बाई तुले जगात कायचं भेव वाटते, तं मी सांगतलं असतं, आंगनातल्या खड्ड्याचं. आता जाऊन आली तं त्याच्यात भर पडली, समुद्राची भर पडली, सरकत्या जिन्याची पडली, अन कोर्टातल्या शांततेची पडली. आमच्या गावातून चेन्नईले अजून कोनी गेलं नाई. बचत गटातल्या बाया रोज म्हनतात सांग वं सांग, अन मी सांगायले बसली का लेकरू रडते, गोष्ट स्टेशनावरच राहाते. म्हनून लिहून काढली. मी सातवीपर्यंत शिकली, चुकलं असन तं समजून घ्या.

आधी खड्ड्याचं सांगते. खड्डा नसता तं मी चेन्नईले कायले जाती.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडं. बोली मराठी, सरकार तेलुगू, जमीन सारी चुनखडीची. पंचायतीनं सांगतलं संडास बांधा, नाई तं नावं बोर्डावर लावतो, म्हनून माझ्या नवऱ्यानं मागच्या आंगनात खड्डा खोदला. पाच फूट खोदलं अन पहार हातातून सुटून खाली गेली. गेली तं गेलीच. आम्ही सारे कान देऊन उभे. सासूबाईनं नारळ टाकून पाह्यला, त्याचाबी आवाज आला नाई. मंग खालून गार वारा आला, असा गार का भर उन्हात आंगावर काटा आला.

मंग साहेब लोक आले. एक खडकाचे प्रोफेसर दोर लावून खाली उतरले अन वर आले तं डोळ्यात पानी. म्हने खाली पांढऱ्या दगडाचे झुंबरं हायेत, एकेक थेंबानं झालेले, मानूस नव्हता तवापासूनचे. आम्हाले वाटलं आता आपलं भलं होईन. आठ दिवसात भिंतीवर कागद चिकटला. खड्डा बुजवू नये, झाकू नये, कुंपन करू नये, जवळ खोदू नये, दिवा लावू नये, वटवाघळाले तरास देऊ नये. म्या म्हनलं, साहेब, मंग तुम्हीच कुंपन करून द्या. तं म्हने आम्ही कसं करू बाई, जमीन तुमची, पट्टा, म्हंजे जमिनीचा कागद, तुमच्या सासऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या जमिनीत सरकार खांब गाडू शकत नाई.

म्हंजे खड्डा सरकारचा, खड्ड्याभवतालची माती आमची, अन त्या मातीवर माझा वेदू, अकरा महिन्याचा, नुकताच रांगायले लागलेला. त्याले रांगायची दिशा एकच माहीत होती. गार वारा जिकडून येते तिकडं.

मी त्याले खाटेच्या पायाले बांधून ठेवे. आमच्याकडं निंदायले गेलेल्या बाया लेकराले लुगड्यानं झाडाले बांधतातच, त्यात काई नवं नाई. पन ते लेकरू काम सरलं का सुटते. माझं लेकरू दिवसभर बांधलेलं. अन बांधलेलं असूनबी मी चुलीपाशी बसली का दर दोन मिनिटाले मान वळवून पाहो, मानेले लचक भरली होती माझ्या.

आम्ही एवढंच मागितलं का झाकन टाकू द्या. खदानीचे साहेब म्हने जंगलाच्या साहेबाले विचारा, जंगलाचे म्हने कलेक्टर साहेबाले. त्याच्यात मामाजीनं, म्हंजे माझ्या सासऱ्यानं, एक डोकं लावलं. आमच्याकडं कुठंबी भोक दिसलं का लोक म्हनतात हे भुयार हाये अन माहूरच्या देवीपर्यंत जाते. मामाजीनं तसंच पंचनाम्यात लिहून देलं, अंगठा नाई, सही करून देलं. त्याह्यले वाटलं सरकार देवीले भेईन अन खड्डा आम्हाले वापस देईन. झालं काय तं देवस्थानाच्या खात्याचं पत्र आलं. आता खड्ड्याले तीन मालक झाले अन झाकन टाकनारा कोनी नाई.

शेवटी तालुक्याच्या फुकट वकिलानं सांगतलं का पर्यावरनाच्या कोर्टात अर्ज करा, अन आपल्या भागाचं ते कोर्ट चेन्नईत बसते. नदीपलीकडं असतो तं पुन्याले गेलो असतो. फोनवरबी कोर्ट दिसते म्हने, पन आमच्या गावात फोनले दिसत नाई काईच. नवरा खड्ड्यापाशी राखन बसला, अन मी, मामाजी अन वेदू निघालो.

एग्मोर

गाडीतलं सांगत नाई, गाडी सारखीच असते. चेन्नईले उतरलो अन आधी आंगाले गरम फडकं लपेटल्यासारखं झालं. आमच्याकडचं उन्ह चटका देते अन सोडते, हे उन्ह धरूनच ठेवते. रिक्षावाला जे बोलला त्यातला एक शब्द कळला नाई, त्याले आमचा कळला नाई, तरी तो भांडला अन मामाजी भांडले, दोघंबी आपापल्या भाषेत, अन एग्मोरले पोहचल्यावर दोघंबी खुश होते.

तालुक्याच्या वकिलानं ज्या वकीलबाईचं नाव देलं होतं, तिचं ऑफिस एग्मोरले होतं. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे, पांढरी वेष्टी, म्हंजे तिकडचं धोतर, कपाळावर गंध, कानावर पेन. त्याह्यनं हात जोडले अन म्हनलं, "यावें, यावें. प्रवास सुखाचा जाहला कीं? बाळ श्रमलें असेल."

मामाजीनं चप्पल काढून त्याह्यचे पायच धरले. मामाजीले वाटलं कोनी महाराज हायेत, पोथी सांगून रायले. मले बी तसंच वाटलं. पन ते वकीलबाईचे कारकून होते, सेतुराव नावाचे. त्याह्यचे पूर्वज कधीकाळी राजासोबत तंजावरले आले अन तथीच राहून गेले, अन मराठीबी तवाचीच राहून गेली, डब्यात ठेवलेल्या मुरब्ब्यासारखी.

मामाजी म्हने, "काहून बाप्पा, तुम्ही इकडचे अन मराठी कशी काय बोलता?"

सेतुरावानं कान पुढं केला. मंग म्हने, "तुमची मराठी फार वेगें धांवते. हळू बोलावें, म्हणजे मज कळेल."

वकीलबाई तमिळ, वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षानं मोठी असन, बोटात तीन पेन. तुटकं हिंदी बोले. मले अम्मा म्हने, मले लय लाज वाटे. "अम्मा, परसों तारीख है. पूछा तो ही बोलना. रोना आया तो रोना, उसमें कुछ गलत नहीं." म्या विचारलं, नाई मिळालं झाकन तं? ती म्हने, "तो अगला तारीख." म्या विचारलं, तवापर्यंत लेकरू चालायले लागन ना. तिनं पेन खाली ठेवला अन वेदूकडं पाह्यलं. मले तं ती रागावली असती तं बरं वाटलं असतं.

टी. नगर

सेतुरावानं आम्हाले आपल्या घरी नेलं, टी. नगरच्या मागच्या गल्लीत. त्याह्यच्या घरच्या कमलाबाई, नाकात दोन्हीकडून चमकी, अर्धं तमिळ अर्धं मराठी बोलत. सकाळी उठली तं त्या दारात वाकून ठिपक्याची रांगोळी काढून रायल्या, कोलम म्हनतात, हात एकदाबी न उचलता. म्या दारातून बाहीर पाय ठेवायले भेली. तेवढ्यात वेदू माझ्या हातातून सटकला अन पोटानं सरकत सरकत अर्धी रांगोळी पुसून पलीकडं गेला. पांढरा झाला सारा, भूत. म्या कानाले हात लावले, आता हाकलतात म्हनलं.

कमलाबाई हसल्या. "अय्यो, पुसूं द्या! तें तांदळाचें पीठ. मुंग्यांनीं खायचें, बाळानें खाल्लें, एकच."

आमच्याकडं रांगोळी दगडाची असते, खाल्ली तं दात जाईन. मले हे आवडलं का इथं मुंग्यालेबी कोनी दारात जेवाले वाढते.

जेवाले केळीच्या पानावर भात, भातावर सांबार, भात संपला का परत भात अन त्याच्यावर रसम, मंग परत भात अन ताक. मामाजी दर वेळेस वाट पाहत का आता भाकर येईन. तीन वेळा भात आला तवा त्याह्यनं हळूच माझ्याकडं पाह्यलं, "सूनबाई, जेवन सुरू कधी होते वं?" कॉफी मात्र त्याह्यले आवडली. वाटीतून गिलासात उंचावरून ओतत, फेस येईपर्यंत. मामाजीनं ओतायले घेतली अन अर्धी गुडघ्यावर ओतली. उरलेली पेले अन म्हने दूध खपवायची ही रीत चांगली हाये.

वकीलबाईनं सांगतलं होतं का झाकन कसं पाहिजे त्याचा फोटो आना, साहेबाले दाखवू. म्हनून सेतुरावाले घेऊन आम्ही बाजारात झाकन पाहायले निघालो. टी. नगरात साऱ्या देशाच्या बाया साड्या घ्यायले येतात, पाच-पाच मजल्याची दुकानं, दारातूनच दिसनारे आपोआप सरकते जिने का पाहूनच भेव वाटे, सोन्याच्या दुकानात तं दिवसाढवळ्या एवढे दिवे का खड्ड्यातल्या वटवाघळाचं काय झालं असतं देव जाने. मी एकबी साडी पाह्यली नाई, खरं सांगते. मी खाली पाहत चालली होती. चेन्नईच्या रस्त्याले किती झाकनं हायेत बायांनो! गटाराले झाकन, नळाले झाकन, फुटपाथाखाली नाली असते त्याच्यावर फरशीचं झाकन. गोल, चौकोनी, जाळीचं, लोखंडाचं, सिमिटाचं. कुठं कुठं झाकन उघडं होतं अन त्याच्यात कोनी झाडाची फांदी खुपसून ठेवली होती, लोकाले दिसावं म्हनून. म्या मनात म्हनलं, पाहा, यांच्याकडं घान पान्याच्या भोकाले झाकन हाये, अन माझ्या लेकरापुढल्या भोकाले नाई.

एका मोठ्या साडीच्या दुकानापुढं मामाजीले पाहिजे तसं झाकन दिसलं. जाडजूड गज, चौकट मजबूत. चौकट खाली कशी टेकली हाये ते पाहायले ते आधी बसले, मंग गुडघ्यावर आले, मंग सरळ पालथे झोपले अन एक डोळा झाकनाले लावला.

मी वेदूले घेऊन उभी होती, अन पाहता पाहता भवताली चाळीस मानूस. गजरे विकनारी बाई धावत आली अन तिनं फुलावर शिंपडायचं सारं पानी मामाजीच्या डोक्यावर ओतलं. एका रिक्षावाल्यानं पाय धरून तळवे घासायले घेतले. कोनीतरी किल्ल्याचा जुडगा त्याह्यच्या मुठीत कोंबला, फिट आली का लोखंड धरायले देतात तसा. मामाजी ओरडून रायले, "पाय सोडा ना बाप्पा! मी झाकन पाहून रायलो!" अन लोक त्याह्यले अजूनच घट्ट दाबून रायले, का बिचारा बरळून रायला. मले वाटलं आता यांचा जीव जाते माझ्यापुढं, मी रडायले लागली, अन मी रडली तं लोकाले पक्कंच वाटलं.

सेतुराव गर्दीतून आत आले अन तमिळमध्ये मोठ्यानं काई बोलले. सारे चूप. मंग ज्यानं त्यानं माझ्या लेकराकडं पाह्यलं. मंग सारे एकदम बोलायले लागले.

"काय म्हनून रायले?" म्या विचारलं.

"झांकणाविषयीं मतें देत आहेत," सेतुराव म्हने. "हा म्हणतो गज जाड हवे. ती म्हणते जाळी हवी, फुलें पडत नाहींत अशी. हा रिक्षावाला म्हणतो, याच्या मेव्हण्याचें वेल्डिंगचें दुकान आहे."

गजरेवालीनं माझ्या केसात गजरा माळला अन पैसे घेतले नाई. मामाजी उठले तं ओलेचिंब, मुठीत किल्ल्या तशाच. त्या कोनाच्या होत्या ते शोधायले अर्धा तास लागला.

संध्याकाळी कमलाबाईनं समुद्र पाहायले नेलं. मी जास्त लिहीत नाई, माझ्यानं पाहावलंच नाई. एवढं पानी, अन बाया लेकराले काठावर सोडून शेंगदाने खाऊन रायल्या. म्या वेदूले पदरानं माझ्या कमरेले दोन गाठी मारून बांधलं अन समुद्राकडं पाठ करून बसली. माझ्यासारखी तथी अजून एक बाई होती, तिनं कमरेले बकरी बांधली होती.

कोर्ट

मले वाटलं होतं कोर्टात पिंजरा असन. काई नाई, थंडगार खोली, खुर्च्या, अन दोन साहेब उंचावर. सेतुरावानं सांगतलं एक साहेब कायद्याचे अन दुसरे शास्त्राचे. आमच्या गावचे खडकाचे प्रोफेसरबी आले होते, सरकारच्या बाजूनं. त्याह्यनं मले ओळखलं अन हसून नमस्कार केला, मले समजलं नाई का दुश्मनाले वापस नमस्कार करायचा का नाई. केला.

वेदू मांडीवर राहीना. मंग म्या आपल्या हातानं, सवयीनं, कायचा विचार न करता, वेदूले पांघरायच्या ओढनीचं एक टोक त्याच्या कमरेले अन दुसरं बाकड्याच्या पायाले बांधून देलं. तो खाली बसला अन आपला आंगठा चोखायले लागला.

सारं इंग्रजीत चाललं. सेतुराव माझ्या कानात सांगत होते, त्याह्यच्या त्या पोथीच्या मराठीत, अन खरं सांगते, ऐकून मले असं वाटे का रामायन चालू हाये अन आपला खड्डा त्याच्यात राक्षस हाये.

"सरकार म्हणतें, विवर श्वास घेतें. मुख झांकिलें असतां विवर गुदमरेल."

वकीलबाई काई बोलली.

"ही म्हणते, बाळही श्वास घेतें."

सरकारी वकील उठला. "तो म्हणतो, झांकण पाषाणासी टेकेल, पाषाण संरक्षित आहे. ही म्हणते, पाषाणावर चार बोटें माती आहे, माती पट्टेदाराची. झांकण मातीसी टेकेल, पाषाणासी नाहीं. शास्त्री साहेब पुसतात, पावसानें माती वाहून गेली तर? ही म्हणते, नवी घालूं. प्रोफेसर म्हणतात, नको, परकी माती विवरासी बाधेल."

"परकी?" मामाजी उठलेच. "आमच्या वावरातली माती परकी? अन तू कोन घरचा रे?"

वकीलबाईनं त्याह्यले खांद्याले दाबून बसवलं. पन साहेबाचं ध्यान गेलं. सरकारी वकिलानं लगेच तो पंचनामा काढला, मामाजीच्या सहीचा. सेतुरावाचा आवाजच बारीक झाला. "मामाजी, ते पुसतात, हें भुयार माहूरच्या देवीपर्यंत जातें, असें तुम्हीं लिहिलें. खरें काय?"

"जाते," मामाजी म्हने.

"तुम्ही गेलां होतां काय?"

"मी कायले जाईन? मी बसनं जातो."

कायद्याचे साहेब चष्मा काढून काई बोलले. सेतुरावानं गळा साफ केला. "साहेब म्हणतात, देवीचा मार्ग असेल तर या खटल्यांत देवीचाही हक्क आहे. कायद्यापुढें देव हा मनुष्यासारखाच. मग देवीस नोटीस धाडावी लागेल, तिचा वकील येईल, तिचें म्हणणें ऐकावें लागेल."

"किती दिवस लागन?" म्या विचारलं. मले कोनी विचारलं नव्हतं, पन निघून गेलं तोंडातून.

"वर्षें," सेतुराव म्हने.

मामाजीनं वेदूकडं पाह्यलं. मंग वर, छताकडं पाह्यलं. त्याह्यच्या तोंडावर जे होतं ते म्या कधी पाह्यलं नाई, सासूबाईच्या ऑपरेशनच्या वेळेसबी नाई. त्याह्यनं दोन्ही कान धरले. "लिहा," म्हने. "नाई जात. माहूरले नाई जात. कुठंच नाई जात." अन मंग हळूच, फक्त मले ऐकू येईन असं, "माफ कर वं माय, पोट्ट्यासाठी बोललो."

मंग सरकारी वकिलाले सुचलं. त्यानं बोट दाखवलं ते सरळ माझ्या लेकराकडं. म्या वेदूले आडवी झाली.

"काय म्हनते हा?"

सेतुराव सांगायले तयार होईनात. मंग सांगतलं. "म्हणतो, विवरास कुंपण घालण्यास बंदी आहे. बाळास कुंपण घालण्यास नाहीं. पाहा, बाळ आधींच बांधलेलें आहे. मग झांकणाची गरज काय?"

सारी खोली बाकड्याच्या पायाकडं पाहायले लागली.  मले वाटलं लेकराले बांधलं म्हनून मलेच जेलात टाकतात. कायद्याचे साहेब मले विचारत होते, सेतुराव सांगत होते, का दोरी किती लांब, का दारापासून विवर किती लांब. म्या सांगतलं, घरी बांधायचा लुगड्याचा तुकडा साडेतीन हात, खड्डा सात पावलं. शास्त्राचे साहेब कागदावर मांडायले लागले. सरकारी वकील म्हने साडेतीन हातात सात पावलं बसत नाई, म्हंजे बाळ सुरक्षित. आमची वकीलबाई म्हने पावलं कोनाची, आईची का बाळाची. तं प्रोफेसर म्हने बाळाले पावलं नाईत, ते रांगते. मंग रांगन्याचं एक पाऊल किती त्याच्यावर सुरू झालं. पाच-सहा मिनिटं सारे शिकलेले लोक त्या लुगड्याच्या लांबीवर भांडले.

अन म्या खाली पाह्यलं तं ओढनीच्या गाठीत वेदूची चड्डी होती. फक्त चड्डी.

मी ओरडली. काय ओरडली ते आठवत नाई. सारे उठले. खुर्च्याखाली पाह्यलं, कपाटामागं पाह्यलं, प्रोफेसर पोटावर झोपून बाकड्याखाली पाहून रायले, मामाजी "वेद्या, वेद्या" करत दरवाज्यात आडवे उभे राह्यले. अन मंग वरून, दोघा साहेबाच्या टेबलामागून, कोनीतरी खदखदून हसलं. एसीचा गार वारा तथूनच येत होता. कायद्याच्या साहेबानं खाली वाकून पाह्यलं, अन दोन्ही हातानं माझं उघडं लेकरू उचलून टेबलावर बसवलं, फायलीवर.

कोर्टात कोनी बोलेना. म्या हात जोडले. साहेब टायपिंगवाल्याकडं वळून काई बोलले.

"काय म्हनले?"

सेतुराव माझ्याकडं न पाहता म्हने, "म्हणाले, लिहून घ्या, बाळ सुटलें."

त्यानंतर सारं झाकनाचंच बोलनं झालं. शास्त्राचे साहेब म्हने गज असे पाहिजे का वटवाघूळ निघन अन बाळ नाई निघनार. वटवाघळाचं माप प्रोफेसराले माहीत होतं. बाळाचं कोनाले माहीत नव्हतं. मंग प्रोफेसरानं खिशातून दगड मोजायची फीत काढली अन टेबलावर बसलेल्या वेदूचं डोकं मोजलं, कानावरून, कपाळावरून, दोन वेळा. वेदूनं फीत धरून तोंडात घातली. प्रोफेसर म्हने, "चार बोटांचं अंतर ठेवा, याहून जास्त नको." हे त्याह्यनं मराठीत सांगतलं, मलेच सांगतलं, अन त्याह्यच्या हातावर वेदूची लाळ होती ती त्याह्यनं पुसली नाई.

हुकूम असा झाला. झाकन टाकावं, पन खोदू नये, खांब गाडू नये. झाकन आमच्या मातीवर टेकावं, सरकारच्या दगडाले लागू नये. माती वाहून गेली तं आमच्याच आंगनातली घालावी. झाकन आम्ही करावं अन आमचंच राहीन. खड्डा जसा हाये तसा सरकारनं जपावा, अन विवरावर मानसाचा वावर नसावा. वकीलबाईनं मले मिठी मारली, तिचा पेन माझ्या गालाले लागला.

गावी

रिक्षावाल्याच्या मेव्हन्याकडं झाकन केलं नाई, एवढं मोठं गाडीत कोन घेईन. आदिलाबादले केलं. बैलगाडीत आनलं, आठ जनानं उचललं, दगडाले न लावता मातीवर ठेवलं. आधी मी त्याच्यावर उभी राह्यली. मंग उडी मारली. मंग सासूबाईले उभं केलं, त्या वजनदार हायेत. मंग त्या दिवशी पहिल्यांदा वेदूले मोकळा सोडला.

तो सरळ झाकनाकडं गेला, जाईनच ना, खालून गार वारा येते. गजावर पोट टेकवून पालथा पडला अन खाली पाहून बोलायले लागला, त्याच्या भाषेत. माझा जीव तोंडात आला होता. पन मी जाग्यावरून हालली नाई.

तेवढ्यात जिल्ह्याचे साहेब आले, हुकूम पाळला का नाई त्याचा फोटो काढायले. कागद हातात, पुस्तकी मराठीत म्हने, "बाई, मुलाला उचला. विवरावर माणसाचा वावर चालत नाही, ऑर्डरमध्ये आहे."

आधी असतं तं म्या उचललं असतं. साहेब मानसानं सांगतलं का मी करूनच टाको. या वेळेसबी हात पुढं झाला होता. पन तोंडातून दुसरंच निघालं.

"साहेब, पोट्टं झाकनावर हाये," म्या म्हनलं. "झाकन आमचं हाये. मातीवर टेकलं, माती पट्ट्यातली हाये. खड्डा तुमचा हाये ना? मंग तुम्ही खड्डा पाहा. त्याच्यात कोनी हाये का?"

साहेबानं माझ्याकडं पाह्यलं. मंग गुडघ्यावर बसून, वेदूच्या डोक्याच्या बाजूनं डोकं लावून, गजातून खाली पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मंग उठले, पँट झटकली, अन कागदावर लिहिलं, आत कोणी नाही.